विंचेस्टर हाउस, सॅन होजे : भुतांच्या गोष्टी बाजूला ठेवून हे घर कसे पाहावे?

वातायन (धागाकर्ती)

बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की गोल्डन गेट पूल, स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि लिव्हरमोरचे शिव-विष्णू मंदिर यांच्यापाठोपाठ सॅन होजेच्या विंचेस्टर मिस्टरी हाउसचे नाव निघतेच. सांगणारा बहुधा एवढेच सांगतो की, बंदुका बनवणाऱ्या घराण्यातील एका विधवेने त्या बंदुकांनी मेलेल्यांच्या भुतांना चकवण्यासाठी 38 वर्षे रात्रंदिवस घराचे बांधकाम चालू ठेवले. गोष्ट चटकदार आहे यात शंका नाही. मात्र तेवढीच शिदोरी घेऊन आत गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा घरापेक्षा गोष्टच जास्त पाहून आलेला असतो, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. ज्या बाईंनी हे घर बांधले त्यांचे आयुष्य, त्यांचे दुखणारे सांधे आणि त्यांची कल्पकता डोळ्यांसमोर ठेवून ही वास्तू पाहिली तर काय दिसते, ते मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. ज्यांनी घर पाहिले आहे त्यांनी भर घालावी, आणि मतभेद असल्यास तेही मोकळेपणाने लिहावेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. सारा पार्डी यांचा जन्म कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवनचा. 1862 मध्ये त्यांचा विवाह विल्यम वर्ट विंचेस्टर यांच्याशी झाला. सासरे ऑलिव्हर विंचेस्टर आधी पुरुषांचे सदरे तयार करण्याच्या धंद्यात होते आणि पुढे त्यांनी बंदुकांच्या धंद्यात पैसा गुंतवून विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स ही कंपनी उभी केली. 1866 मध्ये सारा यांना मुलगी झाली, तिचे नाव ॲनी ठेवले, आणि काही आठवड्यांतच ती गेली. त्यानंतर त्यांना मूल झाले नाही. 1880 च्या डिसेंबरात सासरे वारले आणि पुढच्याच मार्चमध्ये विल्यम क्षयाने गेले. कंपनीच्या भागभांडवलातील मोठा वाटा पदरात पडलेल्या सारा 1880 च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात आल्या. त्यांच्या बहिणीचे कुटुंबही पुढे याच भागात स्थायिक झाले, त्यामुळे त्या एकट्या, जगापासून तुटून राहत होत्या हे चित्र मुळातच अपुरे आहे.

सांता क्लारा खोऱ्यात तेव्हा आलुबुखार आणि जर्दाळूच्या बागाच बागा होत्या. तिथे त्यांनी आठ खोल्यांचे, अजून पुरे न झालेले एक शेतघर विकत घेतले, आणि 5 सप्टेंबर 1922 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत ते वाढत राहिले. संग्रहालयाने केलेल्या मोजणीनुसार आज तिथे 160 खोल्या, सुमारे 2,000 दारे, 10,000 तावदाने, 47 जिने, 47 शेकोट्या आणि 6 स्वयंपाकघरे आहेत. भोवतालच्या जमिनीवर त्या फळबागा करवून घेत आणि फळे वाळवून विकण्याची व्यवस्थाही त्यांची स्वतःची होती. बागायतदार म्हणून त्यांची ही बाजू फेरीत फारच थोडक्यात उरकली जाते.

आता घराकडे येते. सर्वांत आधी पाहायचा तो वळणावळणांचा बुटका जिना. त्याला 44 पायऱ्या आणि 7 वळणे आहेत, आणि एवढे चालून माणूस फक्त एकच मजला वर पोहोचतो, कारण प्रत्येक पायरी जेमतेम 2 इंच उंच आहे. नेहमीच्या जिन्याची पायरी सुमारे 7 इंचांची असते. भुते पायऱ्या मोजताना गोंधळावीत म्हणून ही रचना केली, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात सारा यांना संधिवात होता, तो वयाबरोबर बळावत गेला, आणि पाय फारसा न उचलता वर जाता यावे हा या जिन्याचा उघड हेतू आहे. घरात तीन लिफ्टही आहेत. ज्या बाई स्वतःच्या घरात चालणे अवघड होत चालले असताना एवढ्या सोयी करून घेतात, त्यांच्याबद्दल मला कुतूहल आणि आदर वाटतो.

दुसरी जागा म्हणजे उत्तरेकडील झाडांची काचघरासारखी खोली. तिथे क्षणभर थांबून खाली जमिनीकडे पाहावे. वर लाकडी फळ्या आहेत आणि त्या उचलता येतात. त्यांच्याखाली जस्ताचा पत्रा उतार देऊन बसवलेला आहे, त्यामुळे कुंड्यांना घातलेले जास्तीचे पाणी पत्र्यावरून ओघळून नळीवाटे खालच्या बागेतील झाडांना मिळते. कपडे धुण्याच्या खोलीतील चिनी मातीच्या टाक्याही अशाच निरखून पाहाव्यात, कारण कपडा घासण्याच्या पन्हळी आणि साबण ठेवण्याचा खळगा त्यांत साच्यातूनच काढलेला आहे. नोकरांना बोलावण्याची घंटी वाजली की कोणत्या खोलीतून बोलावणे आले ते दाखवणारा फलक, कळ दाबून पेटणारे गॅसचे दिवे, अशा गोष्टी पाहताना डोळ्यांसमोर उभी राहते ती घरकामातील प्रत्येक अडचणीवर तोड काढण्याचा नाद असलेली गृहिणी.

साराबाईंनी रोजनिशी मागे ठेवलेली नाही. भुतांच्या सल्ल्याने घर बांधायला घेतले, बॉस्टनच्या कुणा मांत्रिकाने त्यांना पश्चिमेला पाठवले, रोज मध्यरात्री त्या आत्म्यांशी बोलत, यांपैकी कशालाही त्यांच्या हातचा कागदोपत्री आधार मिळालेला नाही. उलट त्यांच्या पत्रव्यवहारातून दिसते की त्या कामगारांना मधूनमधून सुट्टी देत आणि काम थांबवून ठेवत. म्हणजे 38 वर्षे अखंड ठोकाठोक ही गोष्टही टिकत नाही.

दगडीपायरी

धाग्याबद्दल आभार. माझ्या आईला घेऊन मी हे घर पाहिले आहे. तिचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेला आहे. बुटक्या जिन्यापाशी मार्गदर्शकाने तोंड उघडण्याआधीच आई कठड्याला हात लावून म्हणाली, "या बाईंचे गुडघे दुखत असणार." आमच्या गटात त्या जिन्यावर न थांबता चढलेली ती एकटीच असावी.

मात्र वयस्कर मंडळींना नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तो एक जिना सोपा आहे म्हणून सगळे घर सोपे आहे असे नाही. फेरीत इतर पुष्कळ जिने नेहमीच्या उंचीचे आणि अरुंद आहेत, बोळ तर इतके चिंचोळे की दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. फेरी साधारण तासाभराची असते आणि मध्ये बसायला फारशी जागा मिळत नाही. लहान मुलांची ढकलगाडी आत नेता येत नाही. संपूर्ण घरात वातानुकूलन नाही, म्हणून उन्हाळ्यात दुपारी जाण्यापेक्षा सकाळची वेळ घ्यावी. साराबाईंच्या लिफ्ट पाहुण्यांच्या उपयोगाच्या नाहीत.

रेघ

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे धागाकर्तीच्या लेखनाला थोडी तांत्रिक जोड देते.

हे घर क्वीन ॲन शैलीचे आहे. या शैलीत समोरच्या दर्शनी भागाची दोन्ही अंगे सारखी नसतात. मनोरे, टोकदार छपरे, बाहेर आलेल्या खिडक्या, गोल सज्जे, खवल्यांसारख्या लाकडी चिपांचे आच्छादन या सगळ्यांची मुद्दाम दाटी केलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातील रेडवुडचे लाकूड मुबलक होते आणि यंत्रावर कोरलेले नक्षीचे भाग तयार मिळत, त्यामुळे या किनाऱ्यावर ही शैली फोफावली. या घराचा सांगाडाही रेडवुडचाच आहे. मात्र बाईंना त्या लाकडाचा पोत डोळ्यांना आवडत नसे असे सांगतात, आणि आतील बऱ्याच लाकडावर रंग देऊन दुसऱ्या लाकडाच्या रेषा काढलेल्या आहेत. जवळून पाहिले तर ब्रशचे फटकारे दिसतात.

भिंतींवरील उठावाचे आच्छादन पाहणाऱ्यांना बहुतेक वेळा चामड्याचे किंवा कोरीव लाकडाचे वाटते. ते लिंक्रस्टा आहे. लिनोलियम शोधणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टन यांनीच ते 1877 मध्ये तयार केले. जवसाच्या तेलाचा घट्ट लगदा कागदासारख्या पाठीवर पसरून साच्याने त्यावर नक्षी उठवत. त्या काळातील श्रीमंत घरांत ते मिरवण्याचे साहित्य होते. घरातील एका कोठीत न वापरलेली रंगीत तावदाने आणि भिंतीचे आच्छादन आजही साठवलेले दिसते, आणि माझ्या मते अख्ख्या फेरीत हीच खोली सर्वांत बोलकी आहे. पुढील कामासाठी सामान आणून ठेवलेले आहे, म्हणजे घर पूर्ण झाले असे मालकिणीने ठरवलेलेच नव्हते.

आता हवेत उघडणारे दार. दुसऱ्या मजल्यावरून एक दार थेट बाहेर, खालच्या बागेच्या दिशेने उघडते आणि पुढे पायरी नाही. भुतांसाठीचा सापळा म्हणून त्याची ख्याती आहे. यावर विचार करताना 18 एप्रिल 1906 विसरून चालणार नाही. त्या पहाटेच्या भूकंपापूर्वी या घराला सात मजली मनोरा होता. तो कोसळला, वरचे मजले उतरवावे लागले आणि आज घर चार मजलीच आहे. एवढी उलथापालथ झालेल्या घरात पूर्वी कुठेतरी नेणारी दारे आणि जिने आज कुठेच नेत नाहीत, यात नवल नाही. दुसरे कारण असे की सुरुवातीला वास्तुरचनाकार नेमून पाहिल्यावर साराबाईंनी ते काम स्वतःकडे घेतले. संपूर्ण घराचा एकच आराखडा कधी नव्हता. खोली बांधायची, पसंत पडली नाही तर पाडायची किंवा तिच्याभोवती दुसरी उभारायची, अशा पद्धतीने वाढलेल्या घरात बाहेरची खिडकी आतल्या भिंतीत अडकते आणि एका खोलीचे छत दुसरीची जमीन होते. जमिनीत बसवलेला काचेचा झरोका तसाच आहे, आणि त्यातून खालच्या अंधाऱ्या खोलीत उजेड पोहोचतो.

भूकंपाच्या वेळी बाई डेझी नावाच्या शयनगृहात होत्या. दार अडकले आणि नोकरांनी येऊन काढेपर्यंत त्या आतच कोंडल्या गेल्या. त्यानंतर घराचा पुढचा भाग त्यांनी दुरुस्त न करता बंद ठेवला. प्लास्टर पडलेल्या, आतल्या लाकडी पट्ट्या उघड्या दिसणाऱ्या त्या भिंती आजही पाहायला मिळतात. जुन्या बांधकामात आतला सांगाडा कसा असतो हे विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल तर मी त्यांना घेऊन याच खोल्यांत थांबेन.

कृष्णाकाठ

रेघ आणि धागाकर्ती यांचे लेखन वाचून घर नव्याने पाहावेसे वाटले. तरीही एका मुद्द्यावर मला हरकत नोंदवायची आहे. भुते बाजूला ठेवताना बंदुकाही बाजूला पडतात की काय, अशी शंका येते. 1873 च्या विंचेस्टर बंदुकीची "पश्चिम जिंकणारी बंदूक" म्हणून जाहिरात झाली. ज्या पश्चिमेला जिंकले तिथे आधीपासून राहणारे मूळ रहिवासी होते, आणि त्या जिंकण्यात त्यांचे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. विंचेस्टर बंदुका अमेरिकेपुरत्या राहिल्या नाहीत. 1877 मध्ये आजच्या बल्गेरियातील प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्की सैन्याने विंचेस्टर बंदुकांचा रशियनांवर भीषण मारा केला होता. या घराची प्रत्येक काच त्या पैशातून आलेली आहे. आत्म्यांची गोष्ट खोटी असेल, पण ती निदान मेलेल्यांची आठवण तरी ठेवते. ती पुसून फक्त कल्पक गृहिणी उरली, तर आपण काहीतरी गमावत नाही का?

वातायन

कृष्णाकाठ, आपला प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

पैसा कुठून आला हे प्रत्येक पाहुण्याला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, यावर आपले एकमत आहे. मात्र भुतांची गोष्ट ते काम करते असे मला वाटत नाही. त्या गोष्टीत मेलेल्यांना ना नाव असते ना गाव, ना ते कोणत्या लढाईत पडले याचा उल्लेख. ते फक्त पडद्याआडून घाबरवण्यापुरते येतात. शिवाय तिच्यात अपराधाचे सगळे ओझे एका विधवेच्या डोक्यावर येते, आणि ज्यांनी कंपनी उभारली, बंदुकांचे करार केले, देशोदेशींच्या सैन्यांना त्या विकल्या, ते सगळे पुरुष नामानिराळे राहतात. त्यांच्या घरांना कोणी झपाटलेले म्हणत नाही. साराबाईंना त्या पैशाबद्दल काय वाटत होते हे सांगणारे त्यांचे शब्द उपलब्ध नाहीत, म्हणून त्यांना पश्चात्ताप होता असेही मी म्हणणार नाही आणि नव्हता असेही नाही.

त्या पैशाचे त्यांनी काय केले, याची एक नोंद मात्र आहे. न्यू हेवनजवळ क्षयरोग्यांसाठी रुग्णालय उभारायला त्यांनी फार मोठी देणगी दिली आणि त्याला पतीचे नाव दिले. कॅलिफोर्नियातील घराइतका मोठा उद्योग तोही होता, पण त्यावर तिकीट नसल्यामुळे तो कोणाच्या गावी नाही.

पूर्वा_क

क्षयाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. विल्यम विंचेस्टर 1881 मध्ये गेले, आणि रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे 1882 मध्ये जाहीर केले. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचल्या. 1886 च्या मार्चमध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, आणि क्षयानेच 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांचेही मूल जन्मल्यावर दहा दिवसांतच गेले होते, आणि वैद्यकीकडे वळण्याचे कारण म्हणून तेच सांगितले जाते.

या दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध आला नाही. परंतु त्या काळच्या अमेरिकेत श्रीमंत घरातही अर्भकमृत्यू आणि क्षय किती नित्याचे होते, हे या तारखा शेजारी ठेवल्या की कळते. एवढे दुःख झालेली बाई वेडी झालीच असली पाहिजे, हे गृहीतक मला फार खटकते. मूल आणि नवरा गमावलेल्या हजारो स्त्रिया त्या काळात आपापली घरे, शेते आणि व्यवसाय सांभाळत होत्या. सारा विंचेस्टर यांच्याकडे पैसा होता आणि त्या कोणाला विचारून वागत नव्हत्या, एवढाच फरक. गावाने त्यांच्याबद्दल कुजबूज सुरू केली ती त्यांच्या हयातीत, 1890 च्या दशकातच, आणि स्थानिक वर्तमानपत्रांनी तिला हातभार लावला.

सागरगोटे

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. आमच्या घरातील मुलांना हे घर अतिशय आवडले आणि त्यांना ते भुतांच्या गोष्टींमुळेच आवडले. पण माझा मुद्दा केवळ मुलांच्या आनंदाचा नाही. साराबाई वारल्यानंतर घरातील सामानसुमान विकले गेले. भूकंपाने खिळखिळे झालेले, अर्धवट राहिलेले हे एवढे मोठे लाकडी घर राहण्यासाठी कोणाला नको होते. ब्राउन दांपत्याने ते भाड्याने घेतले आणि 1923 च्या उन्हाळ्यात, म्हणजे बाईंच्या मृत्यूला वर्षही झाले नव्हते तेव्हा, लोकांसाठी खुले केले ते रहस्यमय घर म्हणूनच. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध जादूगार हूदिनी ते पाहून गेले. गेल्या शंभर वर्षांत खोऱ्यातील फळबागा संपल्या, भोवती सांताना रो आणि व्हॅली फेअरसारखी खरेदीची संकुले आली, जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला, आणि तरीही हे घर जागच्या जागी उभे आहे. ते कॅलिफोर्नियाचे ऐतिहासिक स्थळ आहे आणि 1974 पासून राष्ट्रीय नोंदवहीतही आहे. भुतांची गोष्ट नसती तर त्याची छपरे कोणी शाकारली असती, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

रेघ

सागरगोटे, हा मुद्दा मला मान्य आहे, आणि वारसा जतनाच्या कामात तो पावलोपावली भेटतो. रोज पाहुणे आल्याशिवाय 160 खोल्यांच्या लाकडी घराची देखभाल परवडत नाही. वाळवी, ओल, रंगाचे पोपडे, खिडक्यांचे लाकूड कुजणे, एवढ्या पसाऱ्यात कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात दुरुस्ती चालूच ठेवावी लागते. मात्र एकदा घर वाचले, पाहुण्यांचा ओघ ठरला, की पुढची पायरी म्हणून खरी हकिगतही तितक्याच ठळकपणे सांगता येते. अनेक चांगल्या संग्रहालयांनी तसे केले आहे.

आणखी एक. फेरीत दिसणारे बरेचसे लाकडी सामान त्या काळातील असले तरी साराबाईंचे नाही, ते नंतर आणून मांडलेले आहे. मूळ कुटुंबाच्या सामानासह व्हिक्टोरियन घर पाहायचे असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रँकलिन स्ट्रीटवरील हास-लिलिएंथाल हाउस पाहावे. किराणा मालाचे घाऊक व्यापारी विल्यम हास यांनी ते 1886 मध्ये बांधले. 1906 चा भूकंप आणि त्यानंतरची आग या दोन्हींतून ते वाचले. कुटुंब 1972 पर्यंत तिथे राहिले आणि नंतर घर वारसा जतन करणाऱ्या संस्थेकडे आले. शैली तीच क्वीन ॲन, काळही तोच, पण तिथे एका मध्यम श्रीमंत व्यापाऱ्याचे सर्वसाधारण घर कसे असे ते दिसते. ते आधी पाहून मग विंचेस्टर हाउस पाहिले, तर साराबाईंनी नियम कुठे पाळले आणि कुठे मोडले हे नेमके लक्षात येते.

बॉस्टनकर

पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी मेन राज्यातील पोर्टलंडच्या व्हिक्टोरिया मॅन्शनचे नाव सुचवतो. बॉस्टनहून मोटारीने दोन तासांत पोहोचता येते. रगल्स मॉर्स नावाच्या हॉटेलमालकाने 1858 ते 1860 या काळात उन्हाळ्यात राहण्यासाठी ते बांधले. आराखडा हेन्री ऑस्टिन यांचा, बाहेरून तपकिरी वालुकाश्म, इटालियन धाटणी आणि चौकोनी मनोरा. अंतर्भागाची सजावट गुस्ताव्ह हर्टर यांच्या कार्यशाळेची आहे, आणि मूळ सामानाचा फार मोठा भाग जागच्या जागी आहे. भिंती आणि छतांवर जुसेप्पे ग्विदिचिनी यांनी रंगवलेली चित्रे इतकी फसवी आहेत की सपाट छतावर उठावाचे नक्षीकाम आहे असेच वाटते. तुर्की पद्धतीने सजवलेली धूम्रपानाची एक छोटी खोलीही आहे. तिच्यातील निळ्या, लाल आणि सोनेरी रंगांची जवळिक पाहण्यासाठी मी तिच्या दारात बराच वेळ उभा होतो.

कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाशी या घराचा थेट संबंध आहे. मॉर्स यांचा पैसा न्यू ऑर्लीन्समधील हॉटेलांतून आला, आणि ती हॉटेले गुलामगिरीवर चालणाऱ्या शहराच्या भरभराटीवर उभी होती. तिथल्या भेटीत मार्गदर्शकाने हा विषय आपण होऊन काढला आणि त्यावर पुरेसा वेळ दिला. त्यामुळे घराच्या सौंदर्याला उणेपणा आला असे मला वाटले नाही. झुंबर कोणाच्या कष्टाने लागले हे समजल्यावर मी ते अधिक लक्षपूर्वक पाहिले. 1938 च्या वादळात नुकसान झाल्यानंतर हे घर पाडून तिथे पेट्रोल पंप उभारण्याचा बेत होता असे तिथे ऐकले. विल्यम होम्स यांनी ते विकत घेऊन वाचवले, 1941 मध्ये संग्रहालय म्हणून खुले केले आणि राणी व्हिक्टोरियाचे नाव त्याला दिले. म्हणजे भुतांशिवायही घर वाचू शकते, याचे हे एक उदाहरण सागरगोटे यांच्यासाठी.

सागरगोटे

बॉस्टनकर, उदाहरण पटले. तरी सामानासह अखंड राहिलेले एक टुमदार घर आणि भूकंपाने मोडलेले, रिकामे झालेले 160 खोल्यांचे घर यांच्या जतनाची अडचण सारखी नाही, एवढे मात्र नोंदवतो.

एक प्रत्यक्ष प्रश्न विचारतो. पुढील महिन्यात माझे सासू-सासरे येत आहेत. सासऱ्यांनी आयुष्यभर पंचायतीच्या बांधकाम विभागात नोकरी केली, त्यांना इमारतींमध्ये रस आहे. सासूबाईंना इंग्रजी बोलणे भराभर समजत नाही. अशा दोघांना घर नीट दाखवायचे तर काय करावे?

वातायन

सागरगोटे, आपल्या सासऱ्यांसारख्या पाहुण्यांसाठीच हे घर आहे असे मी म्हणेन.

तिकीट आधी काढून ठेवावे आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची फेरी घ्यावी, कारण गट लहान असला की मार्गदर्शकाला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. ऑक्टोबरात हॅलोविनच्या सुमारास भयकथांचे विशेष कार्यक्रम असतात, तेव्हा इमारत पाहण्याच्या हेतूने जाऊ नये. फेरीच्या आधी बागेत फिरून घर चारही बाजूंनी बाहेरून पाहून घ्यावे. छपरांची गर्दी बाहेरून एकदा डोळ्यांत बसली की आत आपण साधारण कुठे आहोत याचा अंदाज येतो, एरवी दिशा पार हरवते. दगडीपायरी यांनी लिहिलेली जिन्यांची सूचना सासूबाईंना आधी सांगून ठेवावी.

भाषेबद्दल माझा अनुभव असा की आदल्या दिवशी घरी बसून साराबाईंची हकिगत मराठीत सांगावी. मुलगी, नवरा, संधिवात, फळबागा, भूकंप, एवढा क्रम लक्षात राहिला की फेरीत प्रत्येक वाक्य कळण्याची गरज उरत नाही. नाचाच्या मोठ्या दालनात दोन रंगीत खिडक्या आहेत आणि त्यांवर शेक्सपियरच्या नाटकांतील ओळी लिहिलेल्या आहेत. एक 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'मधील आहे आणि दुसरी 'रिचर्ड दुसरा' या नाटकातील. दुसऱ्या ओळीचा आशय असा की, हे विचारच या छोट्याशा जगाची वस्ती आहेत. नाटकात ती तुरुंगात एकटा पडलेला राजा बोलतो. साराबाईंनी याच ओळी का निवडल्या यावर आजवर पुष्कळ तर्क झाले आहेत, आणि सासूबाईंना हा प्रसंग आधी सांगितलात तर त्यांचाही एखादा तर्क ऐकायला मिळेल. तो इथे जरूर लिहावा.

सासऱ्यांना मात्र थेट पुढच्या बंद खोल्यांत, उघड्या पट्ट्यांच्या भिंतींपाशी रेंगाळू द्यावे. गट पुढे सरकू लागला तर मार्गदर्शकाला विनंती करावी, सहसा ते दोन मिनिटे थांबतात. जस्ताचा पत्रा असलेली खोली येण्याआधी त्यांना खाली पाहायची आठवण करून द्यावी, कारण सगळ्यांच्या माना वरच्या काचांकडे असतात आणि मार्गदर्शकही कधीकधी फळ्या उचलता येतात हे सांगायचे विसरतात.